माझ्या यंत्राची पूजा

"मॅडम, तुमचं ते मशीन द्या. पूजेला ठेवायचं आहे."

मोठ्या बाई बोलत होत्या तेव्हा त्यांचा हात माझ्या पिशवीकडे गेलेलाच होता. विचारणं आणि घेणं एकदमच. चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला आणि पिशवीवर हात दाबून धरला. त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटाला टोचल्या.

"बाई, त्याला नको," मी म्हणाले. "त्याला ओलं चालत नाही."

"ओलं कोण करतंय? देवाचं काम आहे. आणि ते शाळेचं मशीन आहे, तुमच्या घरचं नाही."

स्टाफरूममध्ये नऊ-दहा जण होते. वह्या तपासणं चालू होतं, ते थांबलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मी हात उचलला.

हे आधीच सांगून टाकते. यंत्र कुणी हिसकावलं नाही. मीच दिलं. वर हळू आवाजात म्हणाले, "फक्त फूल ठेवा. हळदकुंकू नका लावू." ऐकणाऱ्याने ऐकलं नाही तरी चालेल, अशा आवाजात मी आयुष्यभर बोलत आले होते. त्या दिवशीही कुणी ऐकलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. मी भंडाऱ्यातल्या एका खासगी शाळेत नववीला मराठी शिकवते. जन्मापासून मला दिसत नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या सचिव. शाळा त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली. कुणाला कोणता वर्ग द्यायचा, कुणाची रजा मंजूर करायची, गॅदरिंगला साडी कोणत्या रंगाची नेसायची, सगळं त्या ठरवतात. मुख्याध्यापक सर फक्त सही करतात.

नवमीला शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. कॉम्प्युटर, झेरॉक्सचं मशीन, शिवणाचं मशीन, शाळेची बस, एवढंच काय, पितळी घंटासुद्धा. पूजेला ठेवलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही आणि उचलायचीही नाही. तिला सुटी. करडीला, माझ्या गावी, आमच्या घरीही नांगर, पावडं, विळे असेच मांडून ठेवतात. मला हा सण आवडायचा. लहानपणी विळ्याला लावलेली हळद मी बोटाने चाचपायची आणि आईचा मार खायची, बोट कापेल म्हणून. लोखंडाला हळदीनं काही होत नाही.

माझं यंत्र लोखंडाचं नाही. एका जाड वहीएवढं आहे ते. त्याच्या पुढच्या कडेला एका ओळीत बत्तीस घरं आहेत. प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या. पुस्तक आत भरलं की त्या टाचण्या वर येतात, खाली जातात, आणि बोटाखाली ब्रेलची अक्षरं उमटतात. ओळ संपली की बटण दाबायचं, पुढची ओळ येते. तोंड मुलांकडे, बोट ओळीवर. समोर पुस्तक धरून वाचणाऱ्या कुठल्याही मास्तरापेक्षा मी मुलांकडे जास्त तोंड करून शिकवते, हे मी छातीठोक सांगते.

हे यंत्र मिळायच्या आधी मला काय मिळालं होतं? पेटी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी माझ्यासमोर पेटी ठेवली. "तुम्हाला गाणं येतच असेल." मला सूर अजिबात कळत नाही. आमच्या घरात कोंबडासुद्धा माझ्यापेक्षा बरं गातो. तरी दोन वर्षं मी प्रार्थनेला ती पेटी बडवली. एम.ए., बी.एड. होऊन. मग नागपूरच्या काही देणगीदार मंडळींनी शाळेला हे यंत्र दिलं. कार्यक्रम झाला. माझ्या हातात पिशवी दिली, फोटो काढला. पिशवी रिकामी होती. खरं यंत्र पंधरा दिवसांनी आलं. पण आलं, आणि मला नववी मिळाली.

यंत्र वापरायचं कसं ते शिकायला मी नागपूरला चार दिवस गेले होते. शिकवणारे सर माझ्यासारखेच, न दिसणारे. पहिला अख्खा दिवस त्यांनी मला यंत्राला हातच लावू दिला नाही. फक्त हात धुवायला लावले. "साबणानं धू. पूस. आता थांब, वाळू दे. तेल, क्रीम, चटणी, खडू, काही असलं की त्या टाचण्यांत जातं आणि तिथंच बसतं. दाबून वाचू नकोस, नुसतं फिरव. वाचून झालं की झाकण. डब्याच्या पिशवीत ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. पुसायचं तर कोरड्या मऊ कापडानं, तेही बंद करून. आणि एक ऐक. कुणाच्या हातात द्यायचं नाही. आपलं वाचणं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही." हे शेवटचं ते दोनदा म्हणाले.

आणि मी ते पूजेला दिलं.

नवमीनंतर दसरा, मग रविवार. दोन दिवस यंत्र कॉम्प्युटरच्या खोलीत कुलपात. मी माझ्या भाड्याच्या खोलीत बसून होते. एकदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊनही आले. चौकीदार म्हणाला, किल्ली मोठ्या बाईंकडे. मी परत फिरले. फोन केला नाही. कशाला उगाच, म्हटलं. हा 'कशाला उगाच' माझ्या जिवावर उठला होता, आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते.

सोमवारी मी लवकर गेले. शिपाई सुनंदाबाईंनी यंत्र माझ्या हातात ठेवलं. यंत्र गार होतं. ओलसर. नारळाचा आंबूस वास आला.

"सुनंदाबाई, काय केलं याला?"

"रागावू नका जी, मॅडम." त्यांचा आवाज पडला. "मोठ्या बाईनं त्याच्यावर सातिया काढला, ओल्या कुंकवाचा. ते टाचन्या टाचन्या हाये ना, थेच जागा सपाट दिसली त्यायले. मंग नारळ फोडला तं पानी उडलं. आता सकाळी मले म्हनल्या, पाहुने येऊन राहिले, पुसून दे. मी ओल्या फडक्यानं चांगलं रगडून पुसलं जी."

रगडून. मी तिथेच भिंतीला टेकले. सुनंदाबाईंवर मी चिडले नाही. त्यांनी सांगितलेलं काम मन लावून केलं होतं. त्या स्वस्तिकाच्या कुंकवाचा चिखल त्यांनी मन लावून आत ढकलला होता.

पाहुणे म्हणजे तीच देणगीदार मंडळी. आपण दिलेलं यंत्र कसं चालतं ते पाहायला आलेली. पहिला तास माझा. यंत्र तपासायला वेळच मिळाला नाही. मोठ्या बाई त्यांना घेऊन वर्गात आल्या. अत्तराचा वास, बुटांचे आवाज, मागच्या बाकांवरून मुलांना उठवलेलं.

"दाखवा मॅडम, तुमची गंमत."

मी यंत्र चालू केलं. नागपूरचे सर म्हणाले असते, ओलं असताना चालू करू नकोस. मला ते माहीत होतं. पण समोर पाहुणे, मागे मोठ्या बाई. यंत्र सुरू झालं. मी बोट ठेवलं. सुरुवातीची नऊ-दहा घरं बरी होती. पुढे सगळा चिखल. काही टाचण्या वर अडकलेल्या, काही खाली रुतलेल्या, मधे खरखर. बटण दाबलं. ओळ बदलली की नाही तेही कळेना. अर्धी मेलेली ओळ मी बोटाने चाचपत राहिले. पहिली दोन वाक्यं पाठ होती, ती म्हटली. तिसऱ्याला थांबले.

"वाचा ना मॅडम. पाहुणे थांबलेत."

एका पाहुण्याने विचारलं, "अंधार आहे का? लाईट लावू का?"

वर्ग हसला. मुलं त्यांना हसली की मला, मी आजवर विचारलेलं नाही. मी पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं. तेच. मग पुन्हा तेच. चौतीस मुलांसमोर त्यांची मराठीची बाई एकच वाक्य तीनदा म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या. मी तिथेच उभी असताना पाहुण्यांना म्हणाल्या, "काय आहे ना, दिलेलं सांभाळता येत नाही यांना. दिसतच नाही, करतील काय बिचाऱ्या."

मला तोंड होतं. सातिया कुणी काढला ते मला ठाऊक होतं. मी काहीच बोलले नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या बोटाला चिकटलेलं कुंकू मी साडीला पुसत होते.

दुपारी नागपूरच्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बंद कर. चार्जिंगला लावू नको. सुईनं टोकरू नको. गरम हवा मारू नको. कोरड्या कापडात गुंडाळून ठेव आणि दुरुस्तीला पाठव. ती घरं काढून आतून साफ करावी लागतील. घरी होणारं काम नाही." दुरुस्तीला पाठवायचं तर शाळेचं पत्र लागणार होतं. यंत्र शाळेच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. सर होते, मोठ्या बाई होत्या, ऑफिसातला बाबू होता. मला वाटलं, पत्राचंच असेल. मी खुर्ची शोधून बसले.

"अंगठा द्या," बाबू म्हणाला.

"कशावर?"

"कागद तयार आहे, मॅडम. देणगीदारांना पाठवायचा आहे. फॉर्मॅलिटी."

"वाचून दाखवा."

सरांनी भराभर वाचलं. माझ्या दृष्टिदोषामुळे व निष्काळजीपणामुळे यंत्रावर पाणी सांडलं. मी चूक कबूल करते. यापुढे यंत्र कार्यालयाच्या कपाटात जमा राहील. नववीचा मराठीचा तास दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावा, अशी माझीच विनंती आहे.

"माझी विनंती?"

"तुमच्यावर ताण नको म्हणून," मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "पेटी आहेच की. मुलांना प्रार्थना आवडायची तुमची."

मी काही बोलायच्या आत बाबूने माझा उजवा हात धरला. मनगट घट्ट. अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. धसमुसळेपणात शेजारचं बोटही पॅडवर घासलं गेलं. वाचायचं बोट. गार, ओलं, चिकट. आधी माझ्या यंत्राला लावलं, आता मला. मला विचारलं नाही. यंत्रालाही कुणी विचारलं नव्हतं. एखाद्या वस्तूला जे करतात ते माझ्याशी चाललं होतं, आणि मी सवयीने हात सैल सोडला होता. त्या सैल हाताची मला किळस आली. दुसऱ्या कुणाचीही आली नव्हती एवढी.

"सोडा!"

बाहेर व्हरांड्यातली पोरं गप्प झाली. एवढा मोठा आवाज माझाच होता. बाबूने हात सोडला.

"हे काय, मॅडम?" सर म्हणाले.

"मला सही येते, सर. रुजू झाले त्या दिवशी याच टेबलावर केली होती, तुमच्यासमोर. अंगठा कशाला मागता? आणि सहीसुद्धा या कागदावर करणार नाही. हे खोटं आहे."

मी पर्समधून माझी पाटी काढली. ब्रेलची पाटी म्हणजे दोन पट्ट्या, मधे जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने टोचत जायचं. आवाज होतो, टक टक टक. मी त्या खोलीत बसून लिहायला लागले. कुणी मला उठवलं नाही. काय करावं ते त्यांनाच समजत नव्हतं. माझ्या बोटांना शाई होती आणि कागद खराब होत होता. होऊ दिला. पाऊण पान झालं.

"हे ठिपके कोण वाचणार?" बाबू म्हणाला.

"मी वाचते. तुम्ही लिहून घ्या."

आणि मी वाचलं. नवमीच्या दिवशी, मी नको म्हणत असताना, माझं ब्रेल यंत्र पूजेला नेलं. त्याच्या वाचायच्या पट्टीवर ओलं कुंकू लावलं, नारळाचं पाणी उडवलं, दोन दिवस ओलंच कुलपात ठेवलं. यंत्र त्यामुळे बिघडलं. मी ते हातातून सोडलं ही माझी चूक, ती मी मान्य करते. बाकीची माझी नाही. यंत्र दुरुस्तीला पाठवावं. यापुढे मला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावू नये. नववीचा वर्ग माझ्याकडेच राहावा. हे सगळं कुणी केलं तिथे मी मोठ्या बाईंचं पूर्ण नाव सांगितलं.

बाबूचं पेन थांबलं. "नाव... लिहू?"

"लिहा."

मोठ्या बाई उठल्या. "देवाची पूजा केली ती चूक झाली का? धर्म बाटला का तुमचा?"

"देवाचा काय संबंध, बाई? तुमच्या चष्म्याच्या काचेवर मी कुंकवाचा सातिया काढला तर तुम्ही काय म्हणाल?"

त्या निघून गेल्या. दार आपटलं. बाबूचा कागद मी सरांकडून पुन्हा वाचून घेतला, दोन जागी दुरुस्त करायला लावला, आणि सही केली. सही वाकडी आली असेल, पण ती माझी होती.

हे सगळं सांगताना मी वाघीण झाल्यासारखं वाटेल. तसं काही नव्हतं. घरी आले आणि ओकले.

शनिवारी मुख्याध्यापक सर मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. सर वाईट माणूस नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, एवढाच त्यांचा दोष. हळू बोलले.

"काहून ताणून राहिल्या, मॅडम? मोठ्या बाई तयार आहेत. यंत्र सोमवारीच नागपूरला पाठवू. नववी तुमचीच राहते. फक्त त्या कागदातून त्यांचं नाव काढा. 'यंत्र ओलं झालं' एवढंच राहू द्या. कोणी केलं, कायले पायजे?"

"आणि नाही काढलं तर?"

"तर यंत्र तसंच राहील. पत्रावर त्यांची सही लागते. मीही काही करू शकत नाही."

खोटं कशाला बोलू? मला ते यंत्र हवं होतं. दुसरं काही नको होतं. बोटांना सवय लागली होती. झोपेतसुद्धा मी पांघरुणाची शिवण वाचत होते. एक नाव खोडायचं आणि माझी बत्तीस घरं परत. मी सरांना म्हटलं, सोमवारी सांगते.

एसटीने करडीला गेले. आईला सगळं सांगितलं. आईने यंत्र कापडातून काढून हातात घेतलं, आणि आधी पदराला हात पुसले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"तांदळाच्या डब्यात ठेवू का वं? ओल शोषून घेते."

"नको आई. कोंडा जाईल आत."

"बरं." तिने यंत्र पुन्हा कापडात गुंडाळलं. "नाव काढून टाक, बाई. मोठे लोक हायेत थे. नोकरी हाये तं तू हायेस. मायासारखी दुसऱ्याच्या बांधीत रोवना करत फिरनार हायेस का तू, डोळ्यानं दिसत नाही तं?"

मला राग आला नाही. ती घाबरली होती आणि तिची भीती खरी होती. भाताच्या बांधीत, चिखलात वाकून रोपं लावताना मालकापुढे 'हो' म्हणणं तिने माझ्यासाठीच केलेलं आहे. मी विचारलं, "आई, तुले कोनी कधी विचारलं का, तुले काय वाटते म्हून?"

"मले कायले विचारतील?"

ती सहज म्हणाली. तिला त्यात काही लागलंसुद्धा नाही. मी मात्र रविवारभर ते ऐकत राहिले. चूल पेटवताना, अंगणात बसले असताना, तिच्या बाजूला जेवताना. मला कशाला विचारतील. हे वाक्य मी तिच्याकडूनच शिकले होते, न शिकवता. ते मला नववीच्या एकाही मुलीला द्यायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले.

"काय ठरवलं?"

"नाव राहील, सर."

"यंत्र दुरुस्त नाही होणार मग."

"माहीत आहे."

"मोठ्या बाई तास काढून घेतील."

"लेखी आदेश द्या. तोपर्यंत नववी माझी."

त्याच दिवशी, बाबूने लिहून घेतलेल्या त्या अर्जाची एक प्रत मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात स्वतः देऊन आले आणि एक देणगीदारांना पोस्टाने पाठवली. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, सोबत कोनी नाही का?" नाही म्हटलं.

यंत्र अजून दुरुस्त झालेलं नाही. कापडात गुंडाळून माझ्याजवळ आहे. कपाटात जमा करा म्हणून दोनदा निरोप आला. मी दिलं नाही. रोज संध्याकाळी नागपूरचे सर फोनवर धडा वाचतात आणि मी तो पाटीवर टोचून काढते. दोन पानं झाली की खांदा भरून येतो. सकाळी तीच पानं घेऊन वर्गात जाते. कागदावरचे ठिपके चपटे होतात, तिसऱ्यांदा वाचेपर्यंत निम्मे पुसतात. मग जे आठवतं ते शिकवते, जे आठवत नाही ते मुलांना सांगते की आठवत नाही.

संस्थेने आता मला खुलाशाला बोलावलं आहे. समिती बसणार आहे म्हणे, पाच जणांची. माझ्यावरचे आरोप तिथेच वाचून दाखवतील, असा तोंडी निरोप बाबूने आणला. मी म्हटलं, आरोप आधी पाठवा. मला माझ्या बोटाने वाचता येतील असे. तो कागद माझ्या हातात येईपर्यंत मी समितीसमोर एक शब्द बोलणार नाही, राजीनामा देणार नाही आणि रजेवरही जाणार नाही.

कागद अजून आलेला नाही. मी नववीवर आहे.